यवतमाळच्या विहिरीतील चमकते दगड : शौक की धंदा?

गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात आमच्या नात्यातील एका चाचांकडे जाण्याचा योग आला. चाचांची हयात विहिरी खोदण्यात गेली. आता त्यांचा मुलगा क्रेन चालवतो. अंगणात बाजेखाली एक भरलेले पोते दिसले. धान्य असेल असे समजून आम्ही विचारले, तर चाचा हसून म्हणाले, "धान्य कुठले बेटा, दगड आहेत. विहिरीत निघतात. पोराला नाद लागला आहे."

पोते उलटे केले तेव्हा अंगणात ऊन सांडल्यासारखे झाले. पांढरे, गुलाबीसर, काही काचेसारखे पारदर्शक. काही तुकड्यांवर सुया उभ्या केल्याप्रमाणे बारीक काड्यांचे पुंजके होते. मुलाने मग मुद्द्याची गोष्ट सांगितली. जळगावकडील एक व्यापारी येऊन गेला होता आणि अख्ख्या पोत्याचे सातशे रुपये देतो म्हणाला होता. मुलाचे म्हणणे असे की, सातशेला मागतो त्या अर्थी माल सात हजारांचा असणार. तेव्हा क्रेनचे काम सोडावे, घरचे थोडे दागिने मोडावेत आणि हाच धंदा करावा. चाचा गप्प होते, पण त्यांची नजर आमच्याकडे होती.

त्या दिवशी आम्ही काही उत्तर दिले नाही, कारण आम्हाला ते ठाऊक नव्हते. नंतर काही महिने चौकशी केली, पुस्तके चाळली, जाणकारांना भेटलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. यवतमाळ जिल्ह्यात अशी पोती आणखीही काही बाजांखाली असतील.

दोन तऱ्हेची जमीन

आपल्या जिल्ह्याची जमीन दोन तऱ्हेची आहे, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा, नेर, यवतमाळ या पट्ट्यात वर काळी माती किंवा बरड, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेला लाव्हा होय. एकावर एक थर साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. लाव्हा थिजताना त्यातील वायूचे बुडबुडे आतच अडकून राहिले. पुढे या पोकळ्यांतून खनिजे विरघळलेले गरम पाणी झिरपत राहिले आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक वाढले. विहीर खोदताना सुरुंग उडाला की अशी पोकळी फुटते आणि मजुराच्या पायाशी चमकता चुरा पडतो. आपल्याकडे त्याला सरसकट "गार" किंवा "गारगोटी" म्हणतात. वस्तुतः गारगोटी निराळी आणि हे बहुतेक दगड निराळे.

पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागात मात्र मामला पार बदलतो. तेथे कोळसा आहे, चुनखडक आहे. राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना या चुनखडकावरच उभे आहेत. हा पैनगंगा खोऱ्यातील खडक दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी पटींनी जुना आहे. वणीचा कोळसा वयाने या दोहोंच्या मधला. वीस कोटी वर्षांच्याही मागे, डायनोसॉर जन्मण्यापूर्वी, येथे दलदलीची जंगले होती. त्यांचाच हा कोळसा झाला. तो ज्या थरांत सापडतो त्यांना जगभरचे शास्त्रज्ञ "गोंडवन" म्हणतात. हे नाव आपल्याच शेजारच्या गोंड बांधवांच्या मुलखावरून १८७० च्या दशकात इंग्रज भूशास्त्रज्ञांनी दिले. पुढे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत मिळून जो प्राचीन महाखंड होता, त्यालाही हेच नाव मिळाले.

गोंडवन थरांत जिभेच्या आकाराच्या एका पानाचे ठसे सापडतात. त्याचे नाव ग्लॉसोप्टेरिस. मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार थंडीने व उपासमारीने मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे सोळा किलो दगड होते. चालण्याचे त्राण उरले नव्हते तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत याच पानाचे ठसे निघाले. बर्फाने झाकलेला अंटार्क्टिका एके काळी भारताला जोडलेला होता, या म्हणण्याला त्यामुळे बळ मिळाले. चुलीत घालायला आणलेल्या कोळशाबरोबर शेलचा पत्रा आला, तर फेकण्यापूर्वी एकदा उलटून पाहावा तो यासाठी.

झरी-जामणी तालुक्यातील शिबला-पार्डी येथे षटकोनी दगडी खांबांची रांग असल्याचे वृत्त २०२१ साली वृत्तपत्रांत आले होते. चंद्रपूरचे भूशास्त्र अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी ते उजेडात आणले. लोकांना ती एखाद्या जुन्या इमारतीची पडझड वाटते. प्रत्यक्षात लाव्हा सावकाश थिजताना आकसतो आणि त्याला अशा नेमक्या भेगा पडतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची आहे. असे खांब घरी नेण्याची वस्तू नव्हे, जागेवर जाऊन पाहण्याची आहे.

विदर्भातील पहिले शौकीन

दगड जमवण्याचा शौक हा रिकामटेकड्यांचा उद्योग असे आम्हालाही वाटे. पण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचे नाव आहे, ते स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते आणि फुरसतीच्या वेळी दगड गोळा करत. नागपूरजवळ टाकळी येथे लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळाच्या खडकात त्यांना गोड्या पाण्यातील शंख-शिंपले, बिया व फळे यांचे जीवाश्म मिळाले. हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला. लाव्हा एकदम आला नाही, मधल्या काळात तळी होती, झाडे होती, गोगलगायी होत्या, हे त्यावरून दिसले. १८६३ साली टाकळघाटजवळ नाला ओलांडताना ते बुडून वारले.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव लागते. तेथील शेतांत डायनोसॉरची हाडे आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. शेणाचे म्हटल्यावर वाचक हसतील. पण याच गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळले आणि २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात तसे प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हते ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. ते गोळे कोणी शोभेसाठी उचलून कपाटात ठेवले असते, तर ही गोष्ट कळली नसती.

बाजार कोठे आहे?

आता धंद्याकडे वळू. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातील स्फटिकांना जगात बाजार आहे, ही गोष्ट खरी. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिच्या खोदाईत निघालेले सुंदर नमुने तेव्हाच विलायतेच्या संग्रहालयांत गेले. आज पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील गिट्टी खदानी आणि विहिरी हे मुख्य उगम आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या खदानीत गर्द निळा कॅव्हन्साइट मिळतो. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये तो आधी सापडला आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. पण तेथे तो अगदी किरकोळ होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीत तो निघू लागला, तेव्हा जगाच्या संग्राहकांनी पुण्याचे नाव पाठ केले. वाघोलीच्या खदानींतील या संग्रहकामावर एम. एफ. मक्की यांनी २००५ साली 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकन नियतकालिकात लेख लिहिला आहे. सिन्नरला के. सी. पांडे यांनी २००१ साली उभारलेले 'गारगोटी' संग्रहालय तर सहलीने पाहण्याजोगे आहे. मुलांना शिर्डी-नाशिककडे नेणाऱ्या शाळांनी अर्धा दिवस तेथे जरूर द्यावा.

विक्रीचे मोठे मेळे अमेरिकेत टूसॉन आणि जर्मनीत म्युनिक येथे दरवर्षी भरतात. तेथे एकाच जातीचा एक तुकडा चहाच्या किमतीला आणि दुसरा मोटारीच्या किमतीला जातो. फरक कशात? स्फटिकाची टोके शाबूत आहेत का, रंग कसा, तो मूळ खडकावर बसलेला आहे का, आणि चौथी गोष्ट म्हणजे तो नेमका कोठला.

या चौथ्या गोष्टीवरच आमचे चाचांच्या मुलाशी बोलणे अडले. पोत्यातील चार तुकडे घेऊन आम्ही नागपुरात भूशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो होतो. त्यांनी भिंग लावले, जाती सांगितल्या आणि विचारले, "कोणत्या गावची विहीर? किती फुटांवर लागले?" आम्ही गावी फोन लावला. मुलगा म्हणाला, "तीन-चार विहिरींचे एकत्र आहेत. कोणता कुठला ते आता कसे सांगू?" प्राध्यापकांनी तुकडे शांतपणे परत कागदात गुंडाळले. "मग हे सुंदर दगड आहेत, एवढेच," ते म्हणाले.

दुसरी उणीव आम्हाला स्वतःलाच दिसली होती. पोत्यात एकमेकांवर घासून जवळजवळ प्रत्येक तुकड्याची टोके मोडली होती. जळगावचा व्यापारी सातशे रुपये देत होता तो लबाडीने नव्हे, त्याला किलोवर विकायचा माल दिसत होता. किलोचा माल शोभेच्या टोपल्यांत आणि मत्स्यपेटीत जातो. त्यात वाहतूक वजा जाता हाती फार उरत नाही.

अकीकाचा धडा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या बोटांत अकीक असेल. तोही याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत जन्मतो. गुजरातेत रतनपूरच्या खाणींतून तो निघतो आणि खंभातला घडतो. बाबा घोर या हबशी सूफींचा दर्गा रतनपूरच्या टेकडीवर आहे, आणि अकीकाचा धंदा त्यांच्यामुळे भरभराटीला आला असे तेथील कारागीर मानतात. खाणीतून निघतो तेव्हा दगड बहुधा करडा, मळकट पिवळा असतो. तो उन्हात वाळवतात, मातीच्या मडक्यांत भरून मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाचा रंग त्यामुळे लाल होतो. ही फसवणूक नाही, हजारो वर्षांची कारागिरी आहे. लोथलच्या उत्खननात मणी घडवण्याचा कारखानाच मिळाला आहे.

फसवणूक निराळी असते. काही वर्षांपूर्वी एका उरुसाच्या बाजारात आम्ही "अस्सल यमनी" म्हणून एक खडा घेतला. दुकानदाराने कसम खाल्ली होती. घरी भिंगाखाली पाहिले तर आत गोल बुडबुडा! काच निघाली. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाहतो. अकीकाने काचेवर ओरखडा उठतो. काचेच्या खड्याने सहसा उठत नाही. काचेत बुडबुडे असतात. आणि रंग फार भडक, सगळीकडे सारखा असेल, तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहावा. हलका रंग असेल तर कापसाला लागतो. पक्के रंगकाम मात्र यातून निसटते. जर्मनीत इडार-ओबरस्टाइन येथे गेल्या दोनशे वर्षांत ब्राझीलचा अकीक रंगवण्याची कला इतकी पुढे गेली की साखरेच्या पाकात व तेजाबात बुडवून ते काळा दगड करतात.

खंभातची आणखी एक बाजू सांगितलीच पाहिजे. चाकावर अकीक घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा रोग बरा होत नाही. घराघरांत घासकाम चालते, त्यामुळे शेजारी बसलेल्या बायका-मुलांनाही तो गाठतो. आपल्याकडे कोणी दगड कापण्याचे, घासण्याचे यंत्र बसवण्याचा विचार करत असेल, तर पाण्याची धार सोडून ओले काम आणि धूळ ओढणारा पंखा यांचा खर्च आधी धरावा. तोंडाला रुमाल बांधणे म्हणजे बचाव नव्हे.

शौक करायचा तर

भांडवल नगण्य आहे. गवंड्याची छिन्नी, मध्यम हातोडी, डोळ्यांना चष्मा, दसपट भिंग, जुने टूथब्रश, रद्दी वर्तमानपत्रे आणि एक वही. वहीच सर्वांत महत्त्वाची. तुकड्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन क्रमांक घालावा आणि वहीत त्या क्रमांकापुढे गाव, शेत किंवा विहीर, खोली, तारीख लिहावी.

ओळख हळूहळू पटते. स्टिल्बाइट कडब्याची पेंढी मध्ये आवळून बांधल्यासारखा दिसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. स्कोलेसाइट म्हणजे सुयांचा झुपका. अपोफिलाइटचे चौकोनी खांब आणि वर मनोऱ्यासारखे टोक. कॅल्साइटवर लिंबू पिळले तर बारीक फेस येतो, गारगोटीवर काहीच होत नाही. ओकेनाइट हा पुणे-मुंबईकडे मिळणारा दगड आपल्या जिल्ह्यातील माणसाने एकदा तरी पाहावा. पोकळीत कापसाची बोंडे फुटून बसल्यासारखा तो दिसतो, बोट लावले की तंतू चिरडतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत.

सफाई पाण्याने करावी. तेजाब वापरू नये, झिओलाइट जातीचे पुष्कळ दगड त्यात विरघळून बुळबुळीत होतात. जांभळा अॅमेथिस्ट उन्हात ठेवला तर फिका पडतो. आणि कापूस आपल्याकडे मुबलक असला तरी सुयांच्या दगडाला तो गुंडाळू नये. तंतू अडकतात, काढताना सुया मोडतात. आम्ही हा प्रयोग करून एक चांगला नमुना घालवला आहे.

जागेचा प्रश्न नाजूक आहे. खदान, कोळशाची खाण किंवा सध्या चालू असलेले वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचे खोदकाम येथे परवानगीवाचून पाय ठेवू नये. या मार्गाचा वर्धा-कळंब तुकडा २०२४ साली सुरू झाला, पुढचे काम पाषाणातूनच जाणार आहे, तेव्हा तेथील अभियंत्यांशी ओळख असणे शौकिनाच्या फायद्याचे. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांतून खडाही उचलू नये. १९२७ च्या वन कायद्यात वनातील दगड व खनिज हेसुद्धा वनोपज धरले आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावी. विक्रीसाठी माल काढायचा तर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन परवाना आणि रॉयल्टी यांची चौकशी करावी, आणि परदेशी पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. जीवाश्मांची गोष्ट आणखी वेगळी. हाड, दात किंवा पानाचा ठसा दिसला तर खोदू नये. फोटो काढावा, जागा लिहावी आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, त्यांना कळवावे. जीवाश्मांचा धंदा करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भू-वारशाच्या रक्षणासाठी केंद्राने २०२२ च्या डिसेंबरात विधेयकाचा मसुदाही काढला होता.

विहिरीबद्दल चाचांनी स्वतः सांगितलेली गोष्ट येथे देतो. सुरुंगाची सगळी छिद्रे उडत नाहीत. न उडालेल्या छिद्राजवळ कोणी छिन्नी लावली तर काय होते, हे त्यांनी तरुणपणी पाहिले आहे. म्हणून त्यांच्या क्रेनवर नियम आहे : दगड वर आल्यावर पाहायचा, दगडासाठी खाली उतरायचे नाही.

चाचांच्या घरी पुन्हा

पावसाळ्यापूर्वी आम्ही पुन्हा गेलो आणि जे कळले ते सांगितले. दागिने मोडण्यासारखा हा धंदा नाही. ज्यांचा चालतो, त्यांच्या खदानींशी वर्षानुवर्षांच्या ओळखी आहेत, परदेशी गिऱ्हाईक आहे आणि पाचपन्नास खोक्यांतील एक चांगले निघेपर्यंत थांबण्याची ऐपत आहे. दारव्ह्याचे नाव त्या बाजारात कोणी ऐकलेले नाही. मुलाला हे आवडले नाही. क्रेनवर दिवसभर उन्हात उभे राहणे काय असते ते तुम्हाला काय ठाऊक, असे तो म्हणाला, आणि त्यात खोटे काही नव्हते. चाचा मध्ये बोलले : "काम सोडू नको. दगडही सोडू नको. काम करणाराच तर त्या विहिरीवर हजर असतो."

पोते त्याने सातशेला देऊन टाकले. त्या पैशांतून भिंग आणि दोन वह्या आल्या.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे एक खोके आले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा तुकडे, प्रत्येकावर पांढरा ठिपका. प्राध्यापकांनी दोन ठेवून घेतले. त्यातील सात क्रमांकाच्या, फिकट गुलाबी पेंढीसारख्या तुकड्यापुढे वहीत लिहिले आहे : दिग्रस रस्त्यावरील शेत, नवी विहीर, ४२ फूट, पूर्वेची बाजू. प्राध्यापकांना ती जागा पाहायची होती. पण विहिरीला पाणी लागले असून बांधकामही झाले आहे. शेतकरी त्यावर यंदा तूर भिजवतो आहे.